जॉबवर्क चलान सॉफ्टवेअरचं नवीन लायसन्स : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२५

४ ऑगस्ट, सोमवार

आजपासून लायसन्सचं काम वेगळं काढलंय. आपलं चलान सॉफ्टवेअर जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचा माल कुठे गेला-आला ते लिहायचं, आणि ते ठाणे-नवी मुंबईच्या वागळे इस्टेट, रबाळे, पावणे, तुर्भे या पट्ट्यातल्या छोट्या इंजिनिअरिंग कारखान्यांत चालतं. माल प्लेटिंगला गेला, हीट ट्रीटमेंटला गेला, किती नग परत आले, किती रिजेक्ट, एवढाच त्याचा जीव. सध्याचं लायसन्स मशीनला बांधलेलं आहे. हार्डडिस्कचा सिरियल नंबर आणि नेटवर्क कार्डचा मॅक अ‍ॅड्रेस मिळून एक कोड बनतो, तो कस्टमर फोनवर वाचून दाखवतो आणि आपण उत्तराचा कोड सांगतो. हार्डडिस्क उडाली, नेटवर्क कार्ड बदललं, कॉम्प्युटरवाल्याने फॉरमॅट मारला, की लायसन्स गेलं आणि सपोर्टला फोन, तोही नेमका टेम्पो गेटवर उभा असताना.

आत्ताच का, तर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती आपल्या कस्टमरकडच्या जुन्या डब्यांत कुठून असणार. म्हणजे दसरा-दिवाळीत मशीनं बदलायची लाट येणार आणि प्रत्येक नवीन मशीनमागे आपल्याला एक फोन. सपोर्टला एकच मुलगी आहे, तिने आत्ताच सांगून टाकलंय की ऑक्टोबरमध्ये ती एकटी हे झेलणार नाही. बरोबर आहे तिचं.

पार्टनरचं म्हणणं, डोंगल लावू, म्हणजे यूएसबीत खोचायची लायसन्सची किल्ली. माझं नाही. डोंगल हरवतं, जुन्या मशीनसकट भंगारात जातं, वेल्डिंगच्या शेजारी ठेवलेल्या मशीनचा यूएसबी पोर्ट कधी मरेल सांगता येत नाही, आणि बदली डोंगल कुरियरने पोचेपर्यंत कस्टमर हातावर हात ठेवून बसणार. शिवाय लायसन्स पुन्हा एका वस्तूलाच बांधलं म्हणजे पेचही तोच राहिला ना, फक्त खिशात घालण्याएवढा झाला.

७ ऑगस्ट, गुरुवार

रबाळे एमआयडीसीत एका कस्टमरकडे गेलो, शीट मेटलवाले, दोन गाळे. लायसन्सचा विषयच काढला नाही, नुसतं बसून बघितलं कोण कुठे काय टाइप करतं. ऑफिसात अकाउंटंट काका, स्टोअरला एक मुलगा, गेटवर वॉचमन. सॉफ्टवेअर दोनच मशीनवर, कारण तिसऱ्या युजरचे आपण वेगळे पैसे घेतो. म्हणून गेटवर वही. माल आत आला की वॉचमन वहीत लिहितो, संध्याकाळी स्टोअरचा मुलगा वही बघून एंट्री मारतो, अक्षर लागलं नाही की अंदाजपंचे. आणि शेठ मला विचारतात, "अहो, तुमच्या सॉफ्टवेअरचा बॅलन्स कधी जुळतच नाही, असं कसं?"

जुळणार कसा. आणि जॉबवर्कमध्ये न जुळणं परवडत नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल १ वर्षाच्या आत परत यायला हवा, कॅपिटल गुड्स, म्हणजे यंत्रसामग्री, असतील तर ३ वर्षांत, नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात आणि टॅक्स लागतो. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर, टूल यांना ही मुदत नाही, बाकी सगळ्याला आहे. वर आयटीसी-०४ हा जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म भरायचा, टर्नओव्हर ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, खाली असेल तर वर्षातून एकदा. हा सगळा हिशोब गेटवरच्या एंट्रीवर उभा आहे आणि आपल्या रेटकार्डानेच गेटवरचं मशीन काढून घेतलंय.

ठरलं. युजर मोजायचे नाहीत. गेट, स्टोअर, ऑफिस, शेठचा लॅपटॉप, सगळं धरून एक किंमत.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मग मोजायचं काय? पार्टनरशी दुपारभर वाद. त्याचा मुद्दा असा की वीस मशीनवाला आणि दोन मशीनवाला सारखेच पैसे देणार हे चूक आहे. मान्य. पण वीस मशीनवाल्याकडे गाळेही जास्त असतात. गाळा ही अशी गोष्ट आहे जी शेठला कळते, अकाउंटंटला कळते, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते, त्यावर भांडण होत नाही. युजर म्हणजे लॉगिन का माणूस का मशीन, यावरच अर्धा तास जातो.

चलानच्या संख्येवर पैसे घ्यायचा विचारही आला, महिन्याला इतकी चलानं म्हणजे इतके. तो टाकला. पैसे वाचवायला लोक तीन खेपांचं एक चलान करतील, आपणच त्यांना खोटी एंट्री शिकवल्यासारखं होईल.

भाड्याचा पर्याय, म्हणजे दरमहा पैसे आणि थांबले की सॉफ्टवेअर बंद. फोटोशॉपवाल्या अडोबीने २०१३ मध्ये विकत घ्यायची पद्धत बंद करून सगळं भाड्यावर नेलं आणि ते टिकले, पण त्यांची गोष्ट वेगळी. प्रोग्रामरसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जेटब्रेन्सने २०१५ मध्ये तेच करायचं जाहीर केलं तेव्हा प्रोग्रामर लोकांनी इतका आरडाओरडा केला की शेवटी त्यांना द्यावंच लागलं, १२ महिने सलग पैसे भरले असतील तर ते १२ महिने सुरू झाले तेव्हाचं व्हर्जन कायम तुमचं. आपल्या कस्टमरच्या डोक्यात तर टॅलीचं गणित पक्कं बसलेलं आहे: एकदा घ्यायचं, सिल्व्हर म्हणजे सिंगल युजर, गोल्ड म्हणजे मल्टी युजर, आणि टीएसएस, म्हणजे त्यांची अपडेटची वर्गणी, भरली नाही तर अपडेट बंद, सॉफ्टवेअर चालू. ज्या गावात हा रस्ता आधीच रुळलेला आहे तिथे आपण नवीन पायवाट कशाला पाडायची. एकदा घ्या, कायम वापरा, अपडेट एक वर्ष, पुढच्या वर्षी हवे तर भरा.

आणि एक अट मी लिहूनच ठेवतोय म्हणजे पुढे कोणी फाटे फोडायला नको: लायसन्सचं काहीही झालं तरी जुना डेटा उघडणं, छापणं आणि एक्सपोर्ट करणं कधीही अडणार नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो, आज सगळे घरूनच. बाहेर जायचा प्रश्न नाही म्हणून सहीचं काम घेतलं.

जुन्या पद्धतीचा मूळ घोळ असा की जो कोड तपासतो तोच कोड बनवूही शकतो, कारण गुपित सॉफ्टवेअरच्या पोटातच आहे. एचमॅक लावला तरी तेच, त्यातही बनवायला आणि तपासायला एकच गुपित, कोणी प्रोग्रामची एक्झी फाइल उकरून गुपित काढलं की तो घरबसल्या लायसन्सं बनवत बसेल. म्हणून डिजिटल सही. प्रायव्हेट की फक्त आपल्याकडे, सॉफ्टवेअरमध्ये फक्त पब्लिक की, तिने सही तपासता येते, करता येत नाही. ईडी२५५१९ ही सहीची पद्धत घेतोय. २०१७ मध्ये आरएफसी ८०३२ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात ती छापली गेली, तयार लायब्ररी मिळतात, पब्लिक की ३२ बाइट, सही ६४ बाइट. आरएसए २०४८ या दुसऱ्या पद्धतीची सही २५६ बाइट होते.

६४ बाइट लहान वाटतात पण फोनवर सांगायच्या नाहीत. बेस३२ मध्ये, म्हणजे साध्या अक्षर-आकड्यांत, लिहिल्या तर नुसत्या सहीचीच १०३ अक्षरं होतात, आणि "डी फॉर दिल्ली" करत १०३ अक्षरं वाचली तर दोन्हीकडच्या माणसाला वेड लागेल. तेव्हा फाइल. साधी डॉट टीएक्सटी, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल अशी. वरच्या ओळींत माणसाला वाचता येईल असं नाव, पत्ते, तारीख, खाली एक अगम्य ठोकळा. सॉफ्टवेअर फक्त ठोकळा वाचणार, वरच्या ओळी शोभेच्या.

ठोकळ्याबद्दल एक नोंद, कारण यात बरेच लोक अडकतात. आत जेसन आहे, म्हणजे फील्डचं नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेली माहिती. सही जेसनच्या "अर्थावर" करायची नाही, जशाच्या तशा बाइटवर करायची आणि तेच बाइट बेस६४ करून, म्हणजे टाइप होणाऱ्या अक्षरांत, ठेवायचे. नाहीतर तपासताना जेसन परत लिहिला, एखाद्या लायब्ररीने फील्डचा क्रम बदलला, एखादी स्पेस कमीजास्त झाली, की खरी सही खोटी ठरते. पहिलं सही तपासा, मग जेसन उघडा, उलटं कधीच नाही.

पब्लिक की बदलून सॉफ्टवेअर क्रॅक करता येईल का? येईल. त्यावर एकही तास घालवणार नाही. जो एवढी मेहनत घेतो तो आपला कस्टमर कधीच होणार नव्हता.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मशीनला बांधायचं नाही तर बांधायचं कशाला, हा प्रश्न दोन दिवस डोक्यात होता. उत्तर चलानवरच छापलेलं आहे. जीएसटी नंबर!

आपल्या सॉफ्टवेअरचा सगळा उपयोग शेवटी एका कागदात आहे आणि त्या कागदावर वर नाव, पत्ता, जीएसटी नंबर असतो. या तीन गोष्टी आत्ता सेटिंगमध्ये टाइप करता येतात. त्या तिथून काढायच्या आणि लायसन्सच्या फाइलमधून घ्यायच्या. मग शेजारच्या गाळ्यात कॉपी दिली तरी बिनधास्त देऊ दे, चलान निघेल ते याच्याच नावाचं. दुसऱ्याच्या जीएसटी नंबरच्या चलानवर माल रस्त्यावर काढायला कोणी धजणार नाही, गाडी थांबवली तर काय सांगणार. कॉपी थांबवायला आपल्याला काहीच करावं लागत नाही, मशीन कुठलं आहे हेही बघावं लागत नाही.

पूर्ण जीएसटी नंबर नको, त्यातला पॅन पुरे. १५ अक्षरांतली पहिली २ राज्याची, महाराष्ट्र २७, गुजरात २४, मग १० अक्षरी पॅन, मग त्या राज्यातलं कितवं रजिस्ट्रेशन, मग झेड, आणि शेवटचं चेक अक्षर. फाइल बनवताना चेक अक्षर जुळतंय का ते आपल्या टूलने तपासायचं, टायपिंगच्या चुका तिथेच अडकतील. आणि ज्या छोट्या जॉबवर्करची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, ज्याने जीएसटी घेतलेलंच नाही, त्याच्याकडेही पॅन असतोच.

गाळे पण आपोआप बसले. ज्या पत्त्यांचे पैसे भरलेत ते पत्ते फाइलमध्ये, "माल कुठून निघाला" इथे तेवढेच दिसणार. गाळा बदलला, रोड नं. १६ वरून २२ ला गेले, तर नवीन फाइल फुकट.

दुसरं, आणि मला वाटतं हे जास्त महत्त्वाचं: फाइल प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये नाही, डेटाच्या आत ठेवायची. म्हणजे बॅकअपमध्ये लायसन्स, रिस्टोअर केलं की लायसन्स परत. नवीन मशीन आणलं, सॉफ्टवेअर टाकलं, बॅकअप ओढला, झालं, आपल्याला फोनच नाही. आणि पाच कारखान्यांची कामं बघणारे पार्टटाइम अकाउंटंट असतात ना, ते एकाच लॅपटॉपवर पाचही पार्ट्यांचा डेटा उघडतील, प्रत्येकाबरोबर त्याचं त्याचं लायसन्स येईल, त्यांना स्वतःचं काही घ्यायला नको. हे लोक आपले फुकटचे सेल्समन आहेत, त्यांची वाट अडवायची नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. अर्धे कारखाने कोकणात गेलेत, फोन शांत, तेवढ्यात तारखांचं संपवतो.

अपडेटची मुदत संपली हे कसं ओळखायचं? सरळ मार्ग म्हणजे आजची तारीख बघायची. पण कारखान्यातल्या मशीनच्या तारखेवर माझा काडीचा विश्वास नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की मशीन रोज सकाळी दहा-पंधरा वर्षं मागे उठतं. उलटंही होतं, कोणीतरी चुकून पुढचं साल टाकतो, सॉफ्टवेअर "शेवटची पाहिलेली तारीख" लक्षात ठेवतं, मग खरी तारीख लावली की ओरडतं की घड्याळ मागे नेलंत. पैसे भरलेल्या माणसाला चोर म्हणण्याचे एवढे प्रकार एका सेलने होतात.

म्हणून घड्याळच बघायचं नाही. लायसन्समध्ये "अपडेट या तारखेपर्यंत" आहे, आणि प्रत्येक व्हर्जनच्या पोटात आपण त्याची स्वतःची तारीख घालतो. व्हर्जनची तारीख लायसन्सच्या तारखेच्या आतली असेल तर चालेल, कायम चालेल. दोन्ही तारखा आपल्या, कस्टमरच्या मशीनचं काही देणंघेणं नाही.

ही तपासणी इन्स्टॉलरने आधी करायची, जुनी एक्झी पुसायच्या आणि डेटाबेसला हात लावायच्या आधी. नाहीतर रविवारी कोणी उत्साहाने अपडेट मारेल आणि सोमवारी सकाळी ना जुनं ना नवं.

डेमोलाही दिवस मोजायचे नाहीत. १०० चलानं फुकट, वर आडवं "डेमो" छापलेलं. विकत घेतलं की तोच डेटा पुढे चालू.

४ सप्टेंबर, गुरुवार

काल रात्री जीएसटी कौन्सिलची ५६ वी बैठक झाली, २२ तारखेपासून नवे दर, आणि १२ टक्क्यांत बसणारं आपल्या लोकांचं जॉबवर्क १८ मध्ये चाललंय. सकाळपासून फोन थांबत नाहीयेत. सगळ्यांचा एकच प्रश्न, अपडेट कधी येणार आणि पैसे पडणार का.

दर बदलायला अपडेट लागतच नाही, मास्टरमध्ये, म्हणजे दरांच्या यादीत, "या तारखेपासून" असा कॉलम आहे, तिथे नवी ओळ घालायची. सपोर्टवाल्या मुलीने त्याचा छोटा व्हिडिओ करून सगळ्यांना टाकला, मराठीत आणि हिंदीत. पण या निमित्ताने एक मोठं भोक दिसलं. उद्या आयटीसी-०४ चा फॉरमॅटच बदलला तर मास्टरने भागणार नाही, कोड बदलावा लागेल. तेव्हा ज्याची अपडेटची मुदत संपली त्याला काय सांगायचं, "कायदा बदलला, पैसे भरा"? कायदेशीर आहे, पण मला ते खंडणीसारखं वाटतं. पार्टनरला नाही वाटत, तो म्हणतो यासाठीच तर लोक रिन्युअल भरतात.

मधला मार्ग निघाला. कायद्यामुळे करावा लागणारा बदल शेवटच्या दोन मोठ्या व्हर्जनना फुकट. सोयीचे बदल, नवे रिपोर्ट, मोबाइलवर गेट एंट्री वगैरे, ते रिन्युअलवाल्यांना. त्याहून जुन्या व्हर्जनवर कोणी बसलं असेल तर त्याने रिन्युअल घ्यावं.

यासाठी २५ ऑगस्टच्या डिझाइनमध्ये एक बदल. व्हर्जनच्या पोटातली तारीख म्हणजे कंपाइल केल्याची तारीख नाही, त्या मोठ्या व्हर्जनची पहिली तारीख. जुन्या व्हर्जनवर पॅच आज काढला तरी त्याची तारीख जुनीच राहणार, म्हणून मुदत संपलेल्यालाही तो बसेल. कंपाइलच्या वेळी ही तारीख आपोआप पडू द्यायची नाही, हाताने फाइलमध्ये लिहायची.

११ सप्टेंबर, गुरुवार

प्रायव्हेट की कुठे ठेवायची. सही करायला जुना लॅपटॉप, त्याचं वायफाय कार्ड काढून टाकलंय, लायसन्सचा मजकूर पेनड्राइव्हने आत, सही झालेली फाइल पेनड्राइव्हने बाहेर. की ३२ बाइटची आहे, म्हणजे हेक्समध्ये ६४ अक्षरं, कागदावर छापून पार्टनरच्या बँक लॉकरमध्ये. पेनड्राइव्ह मरतात, कागद टिकतो.

की हरवली किंवा फुटली तर? नवी की द्यायची म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नवी पब्लिक की हवी, म्हणजे अपडेट हवं, आणि मुदत संपलेले लोक अपडेट घेणार नाहीत. म्हणून पहिल्याच व्हर्जनमध्ये दोन पब्लिक की घालतोय. दुसरीची प्रायव्हेट की लॅपटॉपवर कधी येणारच नाही, ती फक्त लॉकरमधल्या कागदावर. फाइलमध्ये की नंबर लिहिलेला असतो, १ का २.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सीए मॅडमकडे बसलो, नौपाड्यात. दर असे ठरवलेत: पहिला गाळा १८,०००, पुढचा प्रत्येक ६,०००, रिन्युअल मूळ रकमेच्या पाव. एका गाळ्याचं बिल १८ टक्के जीएसटी धरून २१,२४०, रिन्युअलचं ५,३१०. सॅक कोड, म्हणजे सेवेचा जीएसटी कोड, ९९७३३१. नव्या दरांत सॉफ्टवेअरचं १८ तसंच आहे.

टीडीएसवर मॅडमनी नीट समजावलं, कारण आपल्याकडे कोणी २ टक्के कापतं, कोणी १०, कोणी काहीच नाही. सॉफ्टवेअर वापरायचा हक्क म्हणजे आयकराच्या भाषेत रॉयल्टी, कलम १९४जे खाली १० टक्के, आणि या एप्रिलपासून वर्षाची मर्यादा ३० हजारांवरून ५० हजार झालीय. म्हणजे सहा गाळेवाल्यापर्यंत कोणी कापायचं कारण नाही. सात गाळे झाले तर मूळ रक्कम ५४,०००, जीएसटी ९,७२०, एकूण ६३,७२०, त्यातून मूळ रकमेवर ५,४०० कापून आपल्याला ५८,३२०. टीडीएस जीएसटीवर कापायचा नाही, तो वेगळा दाखवलेला असतो म्हणून, हे बिलावर एका ओळीत लिहायचं.

बिलात दोन ओळी वेगळ्या, "कायमचं लायसन्स" आणि "वार्षिक अपडेट". कस्टमरचा सीए पहिली मालमत्तेत धरून ४० टक्के घसारा लावतो, दुसरी सरळ खर्चात टाकतो. एकत्र लिहिलं की वर्षअखेरीला त्यांचा फोन येतो की फोड द्या. तसंच खाली आपला उद्यम नंबर, लघुउद्योग नोंदणीचा, ठळक. आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच. हे अकाउंटंटना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं, नंबर नुसता दिसला तरी पेमेंट पुढे सरकतं.

२४ सप्टेंबर, बुधवार

अटींचा कागद. एका पानात बसवला, मराठी आणि इंग्रजी समोरासमोर. कोणाच्या नावाने, कुठल्या गाळ्यांसाठी, मशीन कितीही, बॅकअप कितीही. बॅकअपची परवानगी देऊन आपण काही उपकार करत नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खऱ्या खरेदीदाराला नुकसान टाळण्यापुरती कॉपी ठेवायचा हक्क आहेच. पार्टनरला त्याच कायद्याचं ६३-बी घालायचं होतं, जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. मी काढलं. कलम कायद्यात आहे तिथे आहे, पैसे भरणाऱ्या माणसाच्या हातातल्या कागदावर तुरुंग कशाला.

एक मोठा कस्टमर स्टॅम्पपेपरवर करार मागतोय. देऊ, पण मागच्या ऑक्टोबरपासून शंभरचा चालत नाही, पाचशेचा लागतो, तो खर्च त्यांचा.

आपण दुकान बंद केलं तर काय, हे कलम मीच घातलं. सॉफ्टवेअर कुठल्याही सर्व्हरला काही विचारत नाही, तेव्हा आपण नसलो तरी चालणार. फक्त नवा गाळा जोडता येणार नाही. तशी वेळ आली तर पत्त्याची अट नसलेली फाइल सगळ्यांना देऊ असं लिहिलंय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

टेस्टिंग. सपोर्टवाल्या मुलीला सांगितलं, तुझ्या नेहमीच्या कस्टमरांसारखी वाग. तिने जे जे केलं ते:

फाइल नोटपॅडमध्ये उघडून "बरोबर दिसतेय का" बघून सेव्ह केली, सुरुवातीला बॉम ही न दिसणारी खूण बसली, ओळींचे शेवट बदलले. आता ठोकळ्याच्या खुणांमधलंच वाचतो आणि सगळी मोकळी जागा गाळतो, चालतं. फाइल न पाठवता मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केला, तिथून कॉपी केला, चालतं. फाइलचा फोटो काढून पाठवला. ते नाही चालत आणि चालवणारही नाही. जुना बॅकअप रिस्टोअर केला ज्यात आधीच्या वर्षाची फाइल होती, तेव्हा सॉफ्टवेअर अडून बसलं, कारण नवीन व्हर्जन आणि जुनी मुदत. हे कारखान्यात नक्की होणार. उपाय: मशीनवर एकाच पॅनच्या सापडतील तेवढ्या फाइली बघायच्या आणि सगळ्यात पुढची तारीख धरायची, म्हणून फाइलची एक कॉपी डेटाबाहेरही.

मशीनची तारीख २०१० केली, काही फरक पडला नाही. या एका ओळीसाठी मी सगळ्यात खूश आहे.

चूक दाखवणारा संदेश आधी "लायसन्स अवैध" असा होता. आता "ही फाइल अमुक नावाची आहे, हा डेटा तमुक नावाचा आहे" असं सांगतो, आणि खाली आपला फोन नंबर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

काल विंडोज १० संपलं. नवीन व्हर्जन आणि फाइली गेल्या आठवड्यापासून पाठवतोय, आधी वागळेवाले, मग ठाणे-बेलापूर रोडवरचे. जुन्या कस्टमरला बदली फुकट, जितके गाळे आत्ता वापरात आहेत तितके फाइलमध्ये, मागचं काही विचारायचं नाही. पार्टनर कुरकुरला, काही जण एका लायसन्सवर तीन गाळे चालवत होते हे आता कागदावर दिसतंय. दिसू दे. रिन्युअल तीन गाळ्यांचं लागणार आहे, आणि ते स्वतःहून गाळ्यांची यादी पाठवतायत हेच खूप झालं. आजवर कोणाला आपण नीट सांगितलंच नव्हतं की किती गाळ्यांचे किती.

मशीन बदललेल्यांपैकी कोणाचाच लायसन्ससाठी फोन नाही. प्रिंटरसाठी आहेत, त्याला इलाज नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीनंतर ऑफिस परवा उघडलं आणि पहिलीच भानगड अपेक्षित होती तीच. पावण्याचे शेठ: एक फर्म स्वतःच्या नावावर, एक वहिनींच्या, एक एचयूएफ, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या नावावर. एकच गाळा, एकच अकाउंटंट काका, पण पॅन तीन, पॅनचं चौथं अक्षर दोघांचं पी म्हणजे व्यक्ती आणि एकाचं एच म्हणजे एचयूएफ. आमच्या नियमाने तीन लायसन्सं, ५४,०००. शेठ म्हणाले, "अहो, चूल एकच आहे, तीनदा गॅसचे पैसे घेता का?"

तीनही फर्म खरंच वेगळी चलानं काढतात, आयटीसी-०४ वेगळा भरतात, तेव्हा फुकट द्यायचं काही कारण नाही. पण पूर्ण पैसे घेतले तर ते एकाच फर्मचं घेतील आणि बाकी दोन परत वहीवर जातील, म्हणजे पुन्हा ७ ऑगस्टचं गेट. नियम असा लिहिला: त्याच पत्त्यावर दुसरा पॅन आला तर तो गाळ्याच्या भावात, ६,०००, फाइल मात्र प्रत्येकाची वेगळी आणि बिलही वेगळं, ज्याच्या त्याच्या नावाने. पत्ता वेगळा असेल तर नवीन कस्टमर, पूर्ण १८,०००. घरातले आहेत का, भागीदार आहेत का, हे विचारायचं नाही, फक्त पत्ता बघायचा, तो जीएसटी सर्टिफिकेटवर असतो.

शेठचं ३०,००० वर जमलं, अधिक जीएसटी, तीन बिलं. त्यांच्या वापीच्या गाळ्याचंही विचारत होते. पॅन तोच, जीएसटी नंबर फक्त २४ ने सुरू होतो, म्हणजे तो साधा जादा गाळा, ६,०००. गाळा महाराष्ट्राबाहेर आहे म्हणून बिलात आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लागेल का असं काकांनी विचारलं, तर बिल कुठल्या नोंदणीवर घ्यायचं ते तुम्ही ठरवा असं सांगितलंय. गुजरातच्या नंबरवर घेतलं तर आयजीएसटी, महाराष्ट्राच्या नंबरवर घेतलं तर नेहमीचे केंद्राचे आणि राज्याचे नऊ-नऊ टक्के. ते सीएला विचारून शुक्रवारी कळवतो म्हणाले, तोवर तीन फाइली सही करून पाठवल्या आणि चौथी थांबवलीय.